मोकळं ठेवलेलं घर

'ध्रुवयात्री' या वसाहतयानाच्या प्रयोगशाळेत डॉ. शरयू दाभाडे पडद्यासमोर उभ्या होत्या. पडद्यावर वसुमती ग्रह लिंबाएवढा दिसत होता. यानाचा वेग याच आठवड्यात कमी करायला घेतला, तरच त्यावर उतरता येणार होतं. संधी हुकली की पुढे नुसता अंधार होता.

वेग कमी करायचा तर नियमाप्रमाणे सगळ्या प्रौढांच्या मतदानात बहुमत हवं. जलशुद्धी यंत्रणा आणखी एक पिढी काढणार नाही, हे शरयूताई घसा फुटेस्तोवर सांगत होत्या. पण म्हाताऱ्यांनी आजवर 'यंत्र गेलं, यंत्र गेलं' अशी इतक्यांदा हाकाटी केली होती की, आता लांडगा खरंच आला तरी कोणी काठी उचलणार नव्हतं. यानावर जन्मलेली निम्मी पोरं उतरायला तयार होती, निम्मी नव्हती. शरयूताईंची नात शाल्मली तयार असणाऱ्यांत होती. तिला दिवस गेले होते. त्या न जन्मलेल्या जिवाच्या काळजीनं शरयूताईंची झोप उडाली होती.

"आकडे माणसाला पटतात, भालचंद्र, पण जागचं हलवत नाहीत. हलवते ती गोष्ट," शरयूताई शेजारी उभ्या असलेल्या जुन्या मित्राला म्हणाल्या.

म्हणून त्यांनी सहभागकथा रचली होती. ऐकणाऱ्यानं कपाळाला संवेदनपट्टी बांधून कथेत शिरायचं आणि आपली वाट आपणच निवडायची. कथा तशी वळत जायची. एक मुलगी खूप वर्षांनी घरी परत येते, एवढीच गोष्ट. पोरांच्या मनात घराची ओढ जागी झाली, की ती वसुमतीवर घर मांडायला धावतील, असा शरयूताईंचा हिशेब होता.

भालचंद्र हर्डीकर यानाचे मेंदूतज्ज्ञ. दोघांची मैत्री पृथ्वीवरची, त्यामुळे बोलणं रोखठोक. "पण लक्षात ठेव, शरयू. ही पट्टी भावना ओतत नाही. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणी तेवढ्या चाळवते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणूनच मी घराचं वर्णन केलेलं नाही. दार, वास, आवाज, सगळं मोकळं ठेवलंय. ज्याचं त्यानं भरावं. लेखकानं सगळंच सांगितलं की वाचक पाहुणा राहतो. जागा ठेवली की तो घरचा होतो."

यानावर रिवाज होता : नवीन काहीही आधी वडीलधाऱ्यांवर पारखायचं, पोरांच्या जिवाला धोका नको. तेव्हा पहिली चाचणी पृथ्वीवर जन्मलेल्यांची झाली. सगळे ढसाढसा रडले. भालचंद्रांसारखा कडक माणूस पट्टी सोडून म्हणाला, "आमच्या विहिरीचा रहाट ऐकू आला गं." शरयूताईंना आणखी काय हवं होतं!

मग पोरांनी कथा ऐकली. ओढीची तीव्रता मोजणाऱ्या भावदर्शकाचा काटा प्रत्येकाच्या वेळी टोकाला भिडला. शरयूताईंनी आनंदानं भालचंद्रांचा हात घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी मतदान झालं.

तरुणांतल्या एकानंही उतरण्याच्या बाजूनं मत दिलं नाही.

शरयूताई धावत कप्तानाकडे गेल्या. हात जोडले, रडल्या, फेरमतदान मागितलं. "दाभाडेबाई, ठराव पडला. नियम मला मोडता येत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. त्या घरी परत आल्या तेव्हा शाल्मली दारात वाट पाहत होती. तिनं आजीला मिठीच मारली.

"शाल्मली, कथेत तू कुठे परतलीस गं?"

"कुठे म्हणजे? घरी! आपल्या या बोळात. दार सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीतल्या नळ्यांची घरघर. लहानपणी त्याच घरघरीवर झोपायचे ना मी? इतकं भरून आलं, आजी! आणि हे सगळं सोडून मी निघाले होते!"

पोरांना घराची ओढ लागावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि ती लागली होती. पोरांचं घर हेच होतं. त्यांनी मोकळं ठेवलेलं दार पोरांनी यानाच्या दारानं भरलं होतं.

"अगं, पाणी संपेल पोरी! त्याच नळ्या बंद पडतील. तुझं बाळ तहानेनं तडफडेल!"

"म्हणून का कोणी घर सोडतं? तुझ्या आईनं दुष्काळातही गाव सोडलं नव्हतं. तूच अभिमानानं सांगतेस ना?"

घरातल्या पडद्यावर वसुमती बाजूला सरकू लागला होता. शाल्मलीनं आजीचा हात आपल्या पोटावर ठेवला. आत बाळानं लाथ मारली.

"रडतेस काय, आजी? आता याला कोणी घराबाहेर काढणार नाही."