सवयपेटीचा चाळिसावा दिवस

सकाळी सौरपाट्या धुणाऱ्या माणसाचा फोन आला आणि वैजयंताबाईंच्या फोननं त्याला नेहमीसारखं झापलं.

"काल येणार होतास न्हवं? दिवसभर दार धरून बसलोय आम्ही. आज अकराच्या आत आला नाहीस, तर तुझ्या साहेबाला फोन जाणार बघ."

"येतो मावशी, लगेच येतो," पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

झापणारा आवाज बाईंचाच होता. तीच धार, शेवटच्या शब्दावर तोच झटका. फक्त बाई स्वतः त्या फोनपासून हातभर अंतरावर, खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. गेल्या एकोणचाळीस दिवसांत त्यांच्या तोंडून एक धड वाक्य बाहेर पडलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या आनंदरावांनी कान टवकारले होते. फोन बंद झाला तशी त्यांनी मान खाली घातली. चौतीस वर्षं या आवाजानं त्यांची पाठ सोडली नव्हती. चप्पल कुठं काढली, टॉवेल कुठं टाकला, बोलताना मान का डोलवता. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये अख्खं इंजिन उघडून परत जोडणारा हा माणूस घरात मात्र या आवाजापुढं मुकाट असायचा. आणि आता तोच आवाज कानावर पडावा म्हणून ते परक्या माणसांच्या फोनची वाट बघत बसायचे. त्याची त्यांना लाज वाटायची, पण बघायचे.

हे सगळं त्या सवयपेटीचं काम. फोनच्या पोटात बसवलेली नखाएवढी चकती ती. मालक कसा बोलतो, कुठं थांबतो, कुणाशी गोड आणि कुणाशी तिखट, हे ती वर्षानुवर्षं ऐकून शिकते आणि बाहेरचे किरकोळ फोन मालकाच्या वतीनं परस्पर उरकते. बाईंच्या पेटीनं नऊ वर्षं ऐकलं होतं. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या गाडीवरच्या कंडक्टरचं बोलणं म्हटल्यावर तिला शिकायला काही कमी पडलं नव्हतं.

पण फोनवर एकटी बडबडणारी ही पेटी बाईंच्या मात्र काही कामाची नव्हती. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. बाईंना सगळं कळायचं, सगळं आठवायचं, पण बोलायला तोंड उघडलं की "ते... ते..." एवढंच यायचं. त्यावर स्वतःच चिडून त्या भिंतीकडं तोंड फिरवायच्या.

अकरा वाजता नाझनीन मुजावर आली. वाचा-उपचार करणारी ही तिशीतली मुलगी गेला महिनाभर दिवसाआड घरी येत होती. आज तिचा वार नव्हता, तरी आली होती, कारण आज चाळिसावा दिवस होता.

"काका, बैठक झाली का दुरुस्त?" तिनं चप्पल काढता काढता विचारलं.

आनंदरावांनी टेबलाकडं बोट केलं. तिथं त्यांचा जुना, ट्रंकेएवढा संगणक घरघरत होता. भंगारात घाला म्हणून बाईंनी दहा वेळा सांगितलेला. त्याला एक जाड तार, आणि तारेच्या टोकाला तळहाताएवढी पाटी, हीच ती बैठक. हल्लीच्या फोनला तार खुपसायला भोकच नसतं. पाठीवर पितळेचे चार ठिपके असतात, ते या बैठकीवरच्या चार टाचण्यांवर टेकवायचे. एक टाचणी मोडली होती. आनंदरावांनी घड्याळाची स्प्रिंग कापून तिथं डाग दिला होता.

"तारेशिवाय नाहीच का जमत?" त्यांनी विचारलं, खरं तर पाचव्यांदा.

"नाही काका. पेटीतलं काही हवेतून पाठवायचं नाही, असा कायदाच आहे. लोकांनी मेलेल्या माणसांना बोलायला लावून फसवाफसवी केली, तेव्हापासूनचा. पेटी फक्त मालकाच्या घरातल्या संगणकाला, तारेनं जोडायची. आणि तीही मालकानं आपल्या आवाजात उघडली तर. एकदा जोडली की मग माझा प्रोग्राम काकूंना वाक्यं दाखवील, त्यांच्याच वळणाची. काकू माउसनं निवडतील आणि संगणक त्यांच्या आवाजात बोलेल. रोज ऐकून-ऐकून त्यांची स्वतःची जीभही सुटू शकते."

"आणि नाही उघडली तर?"

नाझनीननं घड्याळाकडं बघितलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. चाळीस दिवस मालकाचा जिवंत आवाज भेटला नाही, तर मालक गेला असं पेटी धरते आणि स्वतःला पुसून टाकते. मुदत आज दुपारी दोनची होती.

उघडायच्या संधी तीनच मिळतात. पहिली दवाखान्यात गेली. फोननं वीस सेकंद बोला म्हणून सांगितलं आणि बाई "ते... ते..." करून रडल्या. दुसरी आनंदरावांनी घालवली. गेल्या आठवड्यात पुतणीच्या लग्नातल्या चित्रफितीतला बाईंचा आवाज त्यांनी फोनपुढं धरला. "हा जिवंत आवाज नाही," असं फोन कोरडेपणानं म्हणाला. बाईंनी तेव्हा त्यांच्याकडं असं बघितलं, की फुकट्या प्रवाशानंसुद्धा खाली उतरून चालत जावं.

"फोन बैठकीवर ठेवायच्या आधी नुसता सराव करू," नाझनीन बाईंसमोर स्टुलावर बसली. "पेटी अर्थ बघत नाही. आवाज बघते, श्वास बघते, ओघ बघते. काय बोललं याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि नवीन वाक्य जुळवणं वेगळं, घोकून घोकून पाठ झालेलं वेगळं. आग मेंदूच्या एका खोलीत लागली, काकू. शेजारची खोली शाबूत असेल. आकडे म्हणू या? एक..."

"एक, दोन, ती... तीन," बाईंनी सुरुवात केली. सातपर्यंत गाडी आली आणि तिथंच रुतली. वार म्हणून बघितले, मंगळवारच्या पुढं जाईनात. आरती म्हणून बघितली, पण बाईंची उभी हयात आरतीच्या वेळी ड्यूटीवर गेलेली, त्यांना ती धडधाकट असतानाही कधी येत नव्हती. टाळ्या वाजवत एकटे आनंदरावच शेवटपर्यंत म्हणत राहिले. बाईंनी डावा हात कपाळाला लावला.

साडेबारा झाले.

"काका, काकू रोज काय म्हणायच्या? विचार न करता, आपोआप?"

"मला बोलणी घालायच्या," आनंदराव म्हणाले. मग ते एकदम पुढं सरकले. "वैजयंता, अगं गाडी. तुझी गाडी कुठनं कुठनं जायची?"

"ते... ते..." बाईंचे डोळे भरले.

"विचारू नका," नाझनीननं आनंदरावांचा हात धरला. "विचारलं की उत्तर जुळवावं लागतं आणि वाट बंद होते. तुम्ही नुसती सुरुवात करून द्या."

सुरुवात कशी करून द्यायची? गाडी सुरू कशी व्हायची? नव्या विजेच्या गाड्यांत बटणं आली, पण बाईंच्या गाडीत निवृत्तीपर्यंत घंटीची दोरी होती. आनंदराव उठले, स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आले आणि त्यांनी दोन टोले दिले. टण, टण.

बाईंची पाठ ताठ झाली.

"चला, फुलेवाडी, बालिंगा, पुढं सरका, मधी लई जागा हाय..."

"थांबा, थांबा, आत्ताच सगळं संपवू नका," नाझनीन घाईघाईनं म्हणाली. तिनं फोन बैठकीवर टेकवला. चारही ठिपके टाचण्यांवर बसले आणि संगणकाच्या पडद्यावर एक रिकामी हिरवी पट्टी उमटली. फोन म्हणाला, "ही शेवटची संधी आहे. वीस सेकंद बोला. मध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबू नका."

आनंदरावांनी देवाचं नाव घेतलं आणि दोन टोले दिले.

"चला, रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा," बाई निघाल्या. "पुढं सरका, मधी लई जागा हाय. दारात उभारू नका. दोनवडे, कोपार्डे. पिशवी मांडीवर घ्या, सीट माणसाला असतंय. कळे, कळेवाले पुढं या..."

आवाज बसका होता, शब्द थोडे घसरत होते, पण तो बाईंचा होता आणि त्यांच्या छातीतून येत होता. पट्टी अर्ध्याच्या वर भरली. आनंदरावांना आनंद आवरेना. काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी चमचा पेल्यावर आपटला.

टण.

बाई गप्प झाल्या. जन्म वर्कशॉपात काढलेला हा शहाणा माणूस एवढं विसरला, की एक टोला म्हणजे गाडी थांबवा. आणि बाईंनी ती थांबवली होती, चोख. पडद्यावर लाल आकडा आला. तीन. दोन. नाझनीननं तोंडावर हात दाबला. घाईघाईत आनंदरावांचा चमचा पेल्याला लागेना. शेवटी लागला. टण, टण.

"उतरा, उतरा लवकर. चला. साळवण, असळज, गगनबावडा, शेवटचा स्टॉप..."

पट्टी भरली. "ओळख पटली," फोन म्हणाला. "या संगणकावर विश्वास ठेवायचा का?"

बाईंनी त्या घरघरणाऱ्या डबड्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. तेवढ्या प्रसंगातही त्यांच्या चेहऱ्यावर साफ लिहिलं होतं, की दोघांवरही ठेवण्यासारखा नाही. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं 'हो' दाबलं.

नऊ वर्षांचं बोलणं तारेतून उतरायला पाऊण तास लागला. आनंदराव तोवर बैठकीला हात लावून बसले होते, टाचणी हलू नये म्हणून. त्यांना जेवायला उठवलं तर उठेनात. दोन वाजायला चार मिनिटं असताना पडद्यावर तीन वाक्यं उमटली, एकाखाली एक. बाईंनी ती वाचली आणि डाव्या हातानं माउस फिरवून दुसरं निवडलं.

"मॅडमना जेवल्याबिगर सोडू नका," बाईंच्या आवाजात संगणक म्हणाला.

इतके दिवस फोनमधून येणारा आवाज बाईंचा होता, पण बोलायचं कुणाशी आणि काय हे पेटी ठरवायची. आज ते बाईंनी ठरवलं होतं. आनंदराव टॉवेलात तोंड घालून रडले. मग बाईंनी पुढचं वाक्य निवडलं, "तो टॉवेल भांड्यांचा हाय," आणि नाझनीन हसता हसता डोळे पुसू लागली.

जेवणं झाल्यावर तिनं आनंदरावांना बाजूला घेतलं. "एक सांगून ठेवते. पेटी फार हुशार आहे. काकू काय म्हणतील ते ती त्यांच्या आधी सांगेल, आणि ते दाबणं सोपं आहे. सोपं झालं की जीभ आळसावते. शिवाय पेटीत आहेत त्या आजारपणाच्या आधीच्या काकू. त्यानंतर त्यांच्या मनात जे काही साठलंय, ते तिला ठाऊक नाही."

आनंदरावांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना तो आवाज आणखी ऐकायचा होता. ते बाईंजवळ येऊन बसले. "बरं वाटतंय न्हवं आता?"

पडद्यावर वाक्यं आली: मला काय धाड भरलीया. वाटायचं काय त्यात. बरं हाय, कामाला लागा.

"पहिलं," आनंदराव खुशीत म्हणाले. "पैज लावतो, पहिलंच दाबणार ही."

बाईंनी 'यांतलं नाही' दाबलं.

आणखी तीन आली. अगदी बाईंचीच, कुणीही ओळखावीत अशी. त्यांनी पुन्हा 'यांतलं नाही' दाबलं. तिसऱ्यांदाही. नाझनीन मदतीला उठणार होती, ती परत खाली बसली. बाईंनी पडद्यावरून नजर काढली आणि आनंदरावांकडं वळवली. ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

"भ्या..." त्या म्हणाल्या. कपाळावर घाम आला. "भ्या... वाटलं."

आनंदराव बघतच राहिले. दारुड्याला गचांडी धरून गाडीतून खाली उतरवणारी ही बाई. घाटात ब्रेक निकामी झाले तेव्हा चाळीस माणसांना खाली बसा म्हणून दरडावणारी. चौतीस वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मग पेटीनं तरी कुठून ऐकावा? तो पेटीतल्या नऊ वर्षांच्या वाक्यांत नव्हताच. तो आत्ता, या खुर्चीत, त्या अर्ध्या जळलेल्या खोलीतून बाईंनी एकटीनं बाहेर ओढून आणला होता.

संगणक ऐकत होता. पडद्यावर ओळ आली: हे वाक्य पेटीत नाही. ठेवायचं का?

आनंदरावांचा हात माउसवर गेला होता. त्यांनी तो काढून घेतला आणि माउस बाईंच्या डाव्या हाताखाली सरकवला.

"मलाबी वाटलं," ते म्हणाले. "लई वाटलं. मीबी कधी बोललो नव्हतो बघ." मग त्यांनी विचारलं, "ठेवूया का गं?"