हाताच्या रेषा दिसेपर्यंत

भाड्याचं मोटारहोम सकाळी मिळायचं ठरलं होतं, आणि महादेवने ते ताब्यात दिलं दुपार टळल्यावर. "धुऊन देतो अण्णा, जरा दम धरा," असं म्हणत त्याने निपाणीहून आलेल्या धरणेंद्र मगदूमला बायको आणि आईसकट खासबागेच्या रस्त्यावर ताटकळत ठेवलं. धरणेंद्रचा राग एरवीही नाकाच्या शेंड्यावर असायचा. मराठीतल्या शिव्या संपल्या तेव्हा तो कन्नडवर आला. महादेव मात्र पाइपने टायर धूत राहिला.

घाई धरणेंद्रला स्वतःसाठी नव्हती, आईसाठी होती. कमलाक्का लग्न होऊन निपाणीला आल्या तेव्हापासून सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नसत. पाणी गाळूनच प्यायच्या, आणि हॉटेलचं अन्न वर्ज्य. त्यामुळे मूडबिद्रीची बसदी, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, बघायची त्यांची साधी इच्छा राहूनच गेली होती. त्यात आता साखरेचा आजार. संध्याकाळी सुई घेतली की लगेच पोटात काहीतरी जायलाच हवं. गेल्या वर्षी हुबळीच्या लग्नाला जाताना वाटेतच दिवस मावळला, त्यांनी तोंड मिटलं आणि त्या गाडीत बेशुद्ध पडल्या. धाकटा भाऊ श्रेयांस पुण्यातून फोनवर म्हणाला होता, "दादा, तिला समजावून सांग ना." समजावून सांग म्हणे! धरणेंद्रने फोनच आपटला होता.

म्हणून हे चालतं घर. शेगडी, पाणी, गादी, सगळं बरोबर. जिथे दिवस कलेल तिथे गाडी थांबवायची, भात टाकायचा आणि आईला जेवू घालायचं.

आत शिरल्याबरोबर त्याचं डोकं पुन्हा तापलं. आईच्या बाकाशेजारचा जाड तपकिरी पडदा चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकलेला होता. "पैसे मोजायचे आणि बाहेर बघायचंबी न्हाय व्हय?" तो ओरडला. पण आणखी उशीर नको म्हणून त्याने गाडी काढली.

खानापूरजवळ उसाची ट्रॉली उलटली होती. तिथे वाहनं खोळंबली, आणि धरणेंद्र हॉर्नवरचा हात काढेना. गुंजीच्या पुढे साग आणि बांबूचं दाट रान लागलं, तेव्हा ऊन शेंड्यांवर उरलं होतं. उजेडात पुढच्या लोंढ्यापर्यंत पोचणं होणार नाही हे कळलं. त्याने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली. त्याच्या बायकोने, रूपालीने, भात टाकला, डाळ टाकली. भाताला उकळी आली तशी तिने सासूला सुई दिली.

आणि शेगडी विझली.

"आत्ती, केळं तरी खावा," रूपाली म्हणाली.

"भात होतोय की गं. थांब जरा."

धरणेंद्र बाहेर धावला. गॅसची नळी सैल होती. महादेवला फोन लावावा तर रेंज नाही. दातओठ खात त्याने नळी कशीबशी बसवली. शेगडी पेटली, भात होत आला, पण तोवर झाडांमागचं तांबडं विझून गेलं होतं. आत आला तर कमलाक्का तळहात डोळ्यांसमोर धरून बसल्या होत्या. ही त्यांची स्वतःची कसोटी. हाताच्या रेषा दिसेपर्यंत जेवायचं, दिसेनाशा झाल्या की हात जोडून दिवसाचं खाणं बंद करायचं.

"दिसंना झाल्या रं," त्या शांतपणे म्हणाल्या. कपाळावर घाम डवरला होता. ओठ थरथरत होते.

"आई, सुई घेतलीयास तू! मरशील!"

"मावळला असंल तर मी हात जोडते."

त्याने साखरेची चिमूट पुढे केली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. धरणेंद्रला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. महादेवचा, ट्रॉलीचा, श्रेयांसचा, आणि सर्वांत जास्त या हट्टी म्हातारीचा, जी त्याच्या डोळ्यांदेखत मरायला तयार होती पण घासभर खायला नाही.

"मावळला न्हाय! हे बघ, उजेड हाय!" असं किंचाळून त्याने पडदा दोन्ही हातांनी ओरबाडला. खिळे उडाले.

पिवळंधमक ऊन आत आलं.

ते आईच्या मांडीवर पडलं, हातांवर पडलं. कमलाक्कांनी तळहात उलटा-सुलटा करून पाहिला आणि हसल्या. "हाय की रं अजून." त्यांनी ताट ओढून घेतलं. रूपाली शेगडीकडे तोंड करून वाढत होती. पहिला घास आईच्या तोंडात गेला आणि धरणेंद्रला हुंदका फुटायचाच बाकी राहिला. बरं झालं राग आला, असं त्याला वाटलं.

गॅसचं झाकण लावायचं राहिलं होतं. तो खाली उतरला.

बाहेर काळोख झाला होता. रातकिडे ओरडत होते. एक लॉरी दिवे लावून गेली.

ऊन गाडीच्या पलीकडे असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. वळसा घालून तो आईच्या बाजूला गेला. तिथे खिडकी नव्हती. नुसता पांढरा पत्रा होता. त्याने हात फिरवून पाहिला. पत्रा गार होता.

पत्र्याच्या आतून आईचा आवाज आला. "रूपाली, अजून वाढ."

तो धावत आत आला. खिडकीत ऊन होतं. बाहेर तंबाखूचं सपाट रान होतं, पार बांधापर्यंत. गुंजीच्या जंगलात तंबाखू! बांधाच्या हातभर वर सूर्य होता, आणि तो खाली सरकत नव्हता.

"आई, बास. ऊठ."

"दिवस असताना ताटावरनं उठवू नये रं."

एरवी मूठभर भातावर उठणारी ती बाई पातेल्याकडे बघत होती.

त्याने ताट हिसकावलं. खिडकीवर चादर कोंबली. मूडबिद्री राहिली बाजूला, त्याने गाडी निपाणीकडे वळवली. रूपाली वाटेत हळूच म्हणाली, "दिव्याच्या उजेडात आत्ती कशा काय जेवल्या वो?"

"दिवा कुठं होता?" तो खेकसला.

"मग काय होतं?"

त्याने गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करताना त्याने महादेवची गचांडी धरली. "कसली खिडकी बसवलीयास रं?" महादेवने चादर काढली. मागे प्लायवूड होतं, त्यावर जुना डिंक वाळलेला. "इथं खिडकी कधीच नव्हती अण्णा. उघडं प्लाय दिसाय नको म्हणून पडदा ठोकलेला." तो खरं बोलत होता, आणि त्याचाच धरणेंद्रला जास्त संताप आला.

कमलाक्का तेव्हापासून झोपल्या नाहीत. दिवस मावळल्याबिगर आडवं कसं व्हायचं, म्हणत. हात जोडणं नाही, खाणं बंद करणं नाही. चूल पेटली की ताट घेऊन हजर. डॉक्टरांनी सुया वाढवल्या. अंग मात्र वाळत चाललं. धरणेंद्र आधी समजावायचा, मग ओरडायचा, एकदा त्याने डबे कुलपात घातले. त्या रडल्या नाहीत. कुलपापाशी बसून राहिल्या.

आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर वीज गेली. गल्ली काळीमिट्ट झाली. धरणेंद्र चाचपडत आईच्या खोलीत गेला आणि गरजला, "आता तरी म्हण मावळला म्हणून! हा बघ अंधार! का जीव खातीयास माझा? जोड हात!"

"तूच म्हणालास न्हवं," कमलाक्का म्हणाल्या, "मावळला न्हाय म्हणून."

त्यांनी तळहात पुढे केला.

रेष न रेष दिसत होती.

धरणेंद्र पुढे झाला. त्याने आपला हात वर उचलला. आयुष्याची रेष, मस्तकाची रेष, नळी बसवताना अंगठ्याला पडलेला चरा. सगळं पिवळ्या उन्हात लख्ख.

रूपाली दाराच्या चौकटीला धडकली. "अंधारात काय बसलायसा दोघं? थांबा, बॅटरी आणते."

"बॅटरी राहू दे," धरणेंद्र म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज खाली आला होता. "मलाबी वाढ."