तळ्यापाशी अडणारी गाडी

"उतरा रे पोट्टेहो, लावा धक्का!" चारुदत्तकाकांनी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या हुकूम सोडला.

इरावतीच्या आजोबांची, म्हणजे नानांची, जुनी पांढरी मोटार बुढा तलावासमोर पुन्हा बंद पडली होती. नाना स्टिअरिंगवर होते. इरावती आणि शेजारचा पराग मुकाट्यानं उतरले. काका उतरले नाहीत. नवं राज्य झालं, काका मंत्रालयात साहेब झाले, आणि तेव्हापासून धक्का मारणं हे काम त्यांच्यासाठी उरलंच नाही.

मागून स्कूटरवर काकांचे मित्र धर्मपाल आले. यांना सायकलची उतरलेली चेन कधी चढवता आली नव्हती, पण मत मात्र खिशात तयार असायचं.

"तळ्याची ओल लागते प्लगांना," ते म्हणाले. "म्हणून तर इथंच अडते. मी केव्हाचा सांगून राहिलो."

दसऱ्यापासून हेच चाललं होतं. काकांना मंत्रालयात सोडायला तात्यापाऱ्यातल्या घरून निघायचं आणि तळ्यापाशी अडकून बसायचं. धर्मपालांच्या सल्ल्यानं बॅटरी बदलली, प्लग बदलले, पंपही बदलला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बारा वर्षांच्या इरावतीला या दोघांची कीवही येईनाशी झाली होती.

"पेट्रोल संपलं असन," काका म्हणाले.

धर्मपालांनी स्कूटरवर जाऊन बाटली भरून आणली. काकांनी एकदाचं उतरून टाकीचं झाकण फिरवलं, तसा 'सूंऽऽ' असा आवाज झाला. तो फक्त इरावतीनं ऐकला, कारण बाकीचे बोलत होते. दोन घोट ओतताच टाकी काठोकाठ भरली आणि उरलेलं पेट्रोल रस्त्यावर सांडलं. झाकण लागलं, नानांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"पाहिलं? पेट्रोलच संपलं होतं."

"संपलं होतं, तर सांडलं काहून काका?" इरावतीनं विचारलं.

"मोठ्यांच्या मधात बोलू नको. उद्या नत्थू कबाडी येते गाडी भंगारात न्याले. रोजची कटकटच नको."

नानांनी गिअर टाकला. त्यांचे गुडघे त्यांना कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतही नेत नसत. आपल्या मर्जीनं कुठं जायचं, तर ही गाडीच. ती गेली की नाना काकांच्या सवडीवर जगणार, आणि काकांना सवड कधीच नसे. इरावतीला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

सकाळी काका आंघोळीला शिरले तशी परागला हाक मारून ती म्हणाली, "नाना, चावी घ्या. तळ्यापर्यंत जाऊ."

"काहून बाई? धक्का माराले?"

"बंद पाडाले."

गाडीनं दगा दिला नाही. तळं दिसलं आणि ती आचके देऊन थांबली.

"पराग, झाकण उघड. पेट्रोल टाकायचं नाही."

"फिर क्या फायदा?"

"उघड तर!"

सूंऽऽ! परागनं दचकून झाकण परत लावलं. नानांनी चावी फिरवली आणि दोन-चार गचक्यांत गाडी सुरू झाली.

"अरे, डाला तो कुछ भी नहीं!"

"म्हणजे पेट्रोल नव्हे, हवा पाहिजे होती तिले," इरावती म्हणाली. "किराणावाला तेलाच्या डब्याले दोन भोकं काहून पाडते? एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं, तर तेल येता येता थांबते. घरून तळ्यापर्यंत येते, तोवरच टाकीतली हवा पुरते. नाना, आपल्या टाकीचं दुसरं भोक कुठं आहे?"

नानांनी कपाळावर हात मारला. "झाकणालेच असते. बारीक. मीच विसरलो ना!"

झाकणावर भोक नव्हतं, भलंमोठं स्वस्तिक होतं. दसऱ्याला लोक बॉनेटवर आणि स्टिअरिंगवर कुंकू लावतात. साहेबांची पूजाही साहेबी! त्यांनी तुपात शेंदूर कालवून दिसेल त्या झाकणावर थापला होता आणि वर अक्षता दाबल्या होत्या. इरावतीनं फ्रॉकची पिन काढून शेंदूर खरवडला. खाली टाचणीएवढं भोक पार बुजलेलं निघालं.

ते मोकळं करून ते थेट सदर बाजारापर्यंत गेले. गाडी कुठंही अडली नाही.

घरासमोर नत्थू दोरखंड घेऊन उभा होता. शेजारी घड्याळ बघणारे काका आणि अर्थातच धर्मपाल.

"कोण्या मेकॅनिकनं सुधारली?" काकांनी विचारलं.

नानांनी लाल टोकाची पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. "तुझ्या स्वस्तिकानं टाकीचं नाक दाबलं होतं, चारू. या पोट्टीनं सोडवलं. दोन महिने तुम्ही दोघं सामान बदलत राहिले, हिनं डोकं वापरलं."

"मले तेच वाटून राहिलं होतं," धर्मपाल म्हणाले. नत्थूसुद्धा हसला आणि दोर गुंडाळू लागला.

काका सवयीनं पुढच्या दाराकडे वळले.

"मांगं बस," नाना म्हणाले. "समोर माझी मेकॅनिक बसते."

साहेब मागं बसले, परागच्या शेजारी, गुडघे आखडून. गाडी तळ्यावरून न थांबता पुढं गेली. कुठं जायचं ते त्या दिवशी नानांनी ठरवलं. मंत्रालय सगळ्यात शेवटी आलं.