खणातला वास कुणी नेला?

"आधी हात धुऊन ये," नागिसाने दटावलं. "कलिंगडाच्या हातांनी युकात्याला शिवायचं नाही."

मामाची सात वर्षांची लेक कोहारु पळत जाऊन हात धुऊन आली. नागिसा आणि तिचा धाकटा भाऊ इत्सुकी उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसाकाहून मिनाबेच्या डोंगरात, मामाकडे आले होते. उद्या ओबोन, गेलेली माणसं घरी येण्याचा दिवस. कोहारुची आई मागच्या शरद ऋतूत गेली, म्हणजे ती गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन. आईचा निळा युकाता, तिचा उन्हाळ्यातला सुती किमोनो, कुशीत घेऊन दारात बसायचं, असं कोहारुने कधीच ठरवून टाकलं होतं.

तिने कपाटाचा खालचा खण ओढला, युकात्यात नाक खुपसलं आणि तशीच बसून राहिली.

"आईचा वास नाहीये," ती म्हणाली.

मामी केसांना युझू लिंबाचं तेल लावायची. नव्या वर्षाच्या दिवशी कोहारुने हाच खण उघडला, तेव्हा तो वास चांगला येत होता.

"उडाला असेल गं," इत्सुकी म्हणाला आणि नागिसाचा चिमटा खाऊन गप्प झाला. पण त्यानेही युकाता हुंगला, मग खणात डोकं घातलं. "ताई, इथे कापराच्या गोळ्या आहेत, पण कापराचाही वास नाही. लाकडाचाही नाही. वरचा खण बघ, नुसता कापूर घमघमतोय!"

"म्हणजे वास उडाला नाही. कुणीतरी नेला," नागिसा म्हणाली.

तिने कपडे बाजूला केले. तळाच्या कागदावर दोन लांबट वळ उठले होते आणि त्यांच्या कडेला राखाडी भुकटी होती. कोहारुने भुकटी बोटावर घेतली आणि लगेच ओळखली. कोळसेवाल्याचीच लेक ती.

"बाबांचा कोळसा आहे हा."

इत्सुकी ताडकन उठला. हा मुलगा जेवतानाही ताऱ्यांची पुस्तकं वाचायचा. "कोळशाला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं असतात. हवेतले रेणू त्यांत शिरतात आणि चिकटून बसतात. ताऱ्यांच्या मधल्या अंधारात काजळीसारखी धूळ असते ना, तिच्यावरही भटके रेणू असेच येऊन बसतात. ते मरत नाहीत, ताई. ऊब मिळाली की सुटतात."

"मग मामीचा वास कोळशात आहे?"

"असायला हवा. पण कोळसा कुठाय?"

नागिसाचा चेहरा एकदम उतरला. ओल आणि वास शोषायला घरात ठेवलेला कोळसा अधूनमधून उकळून उन्हात वाळवायचा, मग शोषलेलं सगळं निघून तो परत ताजा होतो, ही तर या गावातली घरोघरची रीत. आणि मामाने सकाळीच परसात मोठं पातेलं चढवलं होतं!

तिघं अनवाणीच धावली. राइझोमामा वाफेपुढे उभा होता. तांदळाच्या डब्यातले आणि चपलांच्या कपाटातले कोळसे पातेल्यात गेले होते. आता चिमट्यात कोळशाच्या दोन सडपातळ कांड्या होत्या.

"मामा, थांब! त्या कुठल्या?"

"खालच्या खणातल्या. का रे?"

"सोडू नकोस! त्यात मामी आहे!" इत्सुकी ओरडला.

मामाचा हात जागीच थांबला. नागिसाने धापा टाकत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मामा मटकन ओट्यावर बसला.

"पावसाळ्यात तिच्या कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून ठेवल्या मी," तो म्हणाला. "डोळे मिटूनच खण उघडला होता. तिचे कपडे बघवत नव्हते. पंचवीस वर्षं कोळसा भाजतोय आणि एवढं सुचलं नाही मला."

कोहारु त्याच्या गुडघ्याला टेकली. "बाबा, रडू नका. इत्सुकीदादा म्हणतो, ऊब द्यायची."

मग मामाने कांड्या कोरड्या मातीच्या भांड्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि ते परसातल्या मंद निखाऱ्यांवर ठेवलं.

"वास एकदाच निघेल, तोही थोडा," इत्सुकी हळूच म्हणाला. "आपण हुंगला तर हवेत जाईल. युकाता वर धरला तर थोडा कापडात उतरेल."

सगळ्यांनी कोहारुकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि युकाता पुढे केला.

मामाने भांडं विस्तवावरून उतरवलं आणि झाकण काढून त्यावर युकाता पसरला. भांडं पार निवेपर्यंत चौघं त्याच्याभोवती बसून राहिली. मग कोहारुने युकाता उचलून हुंगला. आधी कापूर, मग ओलं लाकूड, आणि त्यांच्या मागे, अगदी बारीक, युझू.

"आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"शाबास रे पोरांनो," मामा पुटपुटला. "मोठ्यांना जमलं नसतं हे."

कोहारुने युकाता त्याच्यापुढे धरला. "बाबा, आता तुम्ही. डोळे उघडे ठेवून."

मामाने निळ्या कापडात तोंड लपवलं. तो इतका वेळ तसाच राहिला की शेवटी इत्सुकीलाच बोलावं लागलं.

"मामा, उद्यासाठी थोडा ठेव ना. मामी यायची आहे."