तिसऱ्या वाडग्याचा वेळ

दोन मिनिटं पूर्ण शक्तीवर ठेवलं की अर्धा लिटर पाणी अठ्ठावीस अंशांवरून अडुसष्टवर जायचं. शहाण्णवच्या दिवाळीत मायक्रोवेव्ह घेतला, तेव्हा नम्रतानं थर्मामीटर बुडवून हे स्वतः मोजलं होतं. रोह्याच्या एका कंपनीत ती प्रयोगशाळा सांभाळायची. छापील पुस्तिकेवर विसंबणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आज पारा अठ्ठेचाळीसवर थांबला.

भात कच्चा राहायला लागून तीन आठवडे झाले होते. दोन काचेच्या वाडग्यांसाठी तिनं टप्पे बसवलेले होते: सहा मिनिटं पूर्ण शक्ती, मग बारा मिनिटं तीस टक्के. तीस टक्के म्हणजे मंद आच नव्हे. यंत्र साधारण दहा सेकंद पूर्ण जोरानं चालतं आणि वीस सेकंद गप्प बसतं.

"बटन दाबून शिजवायचा नि दातांनी कांडायचा," सासूबाई हौसा म्हणाल्या. "चूल काय वाईट होती गो?"

त्यांच्या अष्टमी गावात वीज सारखी खालीवर व्हायची. पण स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. मग नम्रतानं लिटरभर पाणी ठेवलं. यंत्राचा जोर निम्मा झाला असता, तर ते दहाच अंश तापलं असतं. ते तेरा अंश तापलं. दोन्ही मोजमापांतून एकच उत्तर निघत होतं: आत आणखी अर्धा लिटर काहीतरी तापत होतं.

एका वाडग्यातले तांदूळ आणि पाणी मिळून साधारण तेवढंच भरायचं.

तिनं वहीची पानं उलटली. पहिला कच्चा भात तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचा होता. तिचा नवरा दिनानाथ कामावर म्हणून गेला तो परतलाच नव्हता, त्याला सात वर्षं झाली होती. हौसा रोज त्याच्या नावानं तिसरा वाडगा शिजवायच्या, झाकून ठेवायच्या आणि संध्याकाळी स्वतःच थंडगार खायच्या. त्या रविवारी तिसरा वाडगा बंद करत नम्रतानं पहिल्यांदा म्हटलं होतं, "आई, आता दोघींपुरताच लावू."

दुपारी पेणहून तिचा भाऊ महिपती आला. जेवूनच आला होता. त्याच्या पिशवीत कोर्टाचा अर्ज होता: दिनानाथ मृत समजावा, असा. पेणचे एक विधुर मास्तर नम्रताशी लग्नाला तयार होते, हौसाबाईंनाही सांभाळणार होते.

"आठ महिने बघते, बघते करत्येस, नमू. मास्तर काय तुझ्या त्या पाण्यासारखे तापायची वाट बघणार? व्हय नायतर नाय, काय ते बोल."

"माझा पोरगा जिता हाय," हौसा म्हणाल्या.

नम्रता उठली. तिनं दोन वाडग्यांत तांदूळ घेतले. तिसरा वाडगा कोरडा, रिकामाच आत ठेवला. वेळ मात्र तिघांचा लावला: नऊ मिनिटं, मग अठरा.

"त्यात काय नाय, नमू," महिपती म्हणाला.

"माहीत आहे."

दुसरा टप्पा सुरू झाला. दहा सेकंद घरघर. वीस सेकंद शांतता.

घंटी वाजली.

हौसांनी शीत चिमटीत दाबून पाहिलं. "शिजला."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

या यंत्रात ही काच आपण होऊन फारशी तापत नाही. आतलं अन्न तापलं, तरच तीही तापते. नम्रतानं रिकाम्या वाडग्याला हात लावला.

बोटं भाजली.

वाडग्याच्या आतल्या कडेला वाफेचे थेंब जमले होते.

तिचा झटकलेला हात पाहून हौसांनी पदरानं वाडगा चाचपला. त्यांचा चेहरा उजळला. "बघितलंस? माझा दिनू आलाय. घरात हाय तो. आता सही नको गो करूस."

नम्रता थेंब ओघळताना पाहत राहिली. जिवंत माणूस जिथं असेल, तिथंच जेवतो; न दिसता घरच्या वाडग्यातून नाही.

"ते गेलेत, दादा," ती म्हणाली. "कागद दे. सही करते."