भिंत आणि बोलनकाशा

सोलापुरातल्या चाटीमळा वस्तीत भिंतीच्या अल्याड चिंच होती आणि पल्याड तिची सावली पडायची. शेंगा वस्तीच्या, गारवा शांतिबन सोसायटीचा. मध्ये दार मात्र नव्हतं. वस्तीतल्या अनसूया गड्डमच्या मुलीची शाळा भिंतीला लागूनच, पण पल्याड. म्हणून ती पोर रोज ट्रकांच्या हमरस्त्यानं वळसा घालून जायची.

आज प्रभागसभेत दाराचा निकाल लागणार होता, आणि तो बोलनकाशावर अवलंबून होता. सभांमध्ये माणसं 'आम्ही' कधी म्हणतात आणि 'आपण' कधी, हे ते यंत्र ऐकायचं. 'आम्ही'तून समोरचा वगळला जातो, 'आपण'मध्ये सामावतो. जिथे जवळीक, तिथे पडदा हिरवा होई; जिथे दुरावा, तिथे लाल रेघ उमटे; आणि रेघ असेल तरच वाट उघडण्यासाठी मतदान होई.

पडदा हिरवागार होता.

"लाल रेघच नाही," नकाशा चालवणारी केतकी म्हणाली. "इथे दुरावा नाही, असं दिसतंय."

"भिंत दिसंना का ओ त्याला?" अनसूया उसळून उभी राहिली.

"त्याला नुसते कान आहेत, ताई."

सोसायटीचे सचिव देशमाने शांतपणे उठले. "बाई, आपण आवाज चढवू नका. आपण खाली बसा."

पडदा आणखी हिरवा झाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "काका, अजून एकदा हाकला की ओ तिला, पडद्याला पालवी फुटंल!"

सभा खळखळून हसली. देशमानेही हसले, आणि मध्येच थांबले. वर्षभर सभांमध्ये ते वस्तीतल्या माणसांशी असंच बोलत आले होते. आपण बाहेर थांबा. आपण नंतर या. यंत्रानं ती अदब माया समजून मोजली होती.

केतकीनं 'तुम्ही' या अर्थाचे सगळे 'आपण' गाळले. हिरवा रंग ओसरला आणि कुंकवाच्या बोटानं ओढावी तशी भिंतीवरून लाल रेघ उमटली.

मतदान पुकारलं. अनसूयाचा हात वर गेला, मग वस्तीचे सगळे. सोसायटीचे हात मांडीवरच राहिले, डोळे देशमान्यांकडे. ते रेघेकडे बघत होते.

"दार," ते अखेर म्हणाले, "आपण कुठे करायचं?"

रेघ थरथरली. तिच्याखाली अक्षरं आली: या 'आपण'मध्ये समोरचे धरायचे का?

अनसूयाचा हात अजून वरच होता.

"आमाला धरायचं का ओ, काका?" ती हळूच म्हणाली. "का हे बी नुसतं अदबीचं?"