उंबऱ्यापर्यंतची नोंद

चोवीस नंबरच्या हौदापाशी उभं राहून मृण्मयी दिघेने चमचा तोंडात घातला, चव जिभेवर घोळवली, "तुरट लागतंय, परत गाळा," असं सांगितलं आणि रात्रभर ठणकलेल्या स्वतःच्या डाव्या टाचेला एक सणसणीत शिवी हासडली. शिवी मनातल्या मनात होती. मुख्य चवपरीक्षक बाईने कामगारांसमोर आपल्याच पायाला शिव्या घालणं बरं दिसत नाही.

शिरवळजवळच्या त्या कृमिप्रथिन प्रकल्पात रोज चाळीस टन अळ्यांचं पीठ व्हायचं. अर्ध्या राज्यातल्या शाळांची खिचडी त्या पिठावर शिजायची. लोकांना पीठ हवं होतं, फक्त ते कशाचं आहे हे कोणी सांगायला नको होतं. वळवळणाऱ्या त्या पिवळट लगद्यापाशी साधा माणूस पाच मिनिटं टिकला नसता, म्हणून इथल्या प्रत्येकाच्या कानामागे कातडीखाली शिसारीरोधक बसवलेला असे. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, पण मेंदूत किळस जिथे उमटते तो भाग ते गप्प करून टाकायचं. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मृण्मयी ओकून ओकून अर्धी झाली, तेव्हा तिलाही तो बसवला. त्यानंतर तिला कशाचीच किळस आली नाही. वर्षभरात टाच मात्र दुखायला लागली.

आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा तमाशा. एक डॉक्टर म्हणाला हाड वाढलंय. दुसरा म्हणाला, वाढलंय पण त्याने दुखत नाही. तिसऱ्याने वजन कमी करा म्हणून सांगितलं, आणि त्याचं स्वतःचं पोट टेबलावर टेकलेलं होतं. गोठवलेली बाटली पायाखाली लाटून झाली, मऊ टाचांच्या चपला घालून झाल्या, इंजेक्शनं टोचून झाली. कारण सापडत नाही म्हटल्यावर शेजारपाजारच्या प्रत्येकाला ते नेमकं ठाऊक असतं. एकीने तर "मनाला लावून घेतेस" म्हणून तिला ध्यानाच्या वर्गाला घातलं. तिथे मांडी घालून बसताना टाच आणखी दुखली.

एकटा नवरा, सौमित्र, कंटाळला नव्हता. रोज संध्याकाळी साडेसातला तो वीट तापवायचा, रुईच्या पानाला तेल लावायचा आणि स्वतःच्या हाताने तिची टाच शेकायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिची मावशी येता-जाता ऐकवायची.

पण आता वैद्यकीय मंडळाने महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर कारण सापडलं नाही, तर मृण्मयी कामाला अपात्र. तिच्या जिभेवर सगळा प्रकल्प विसंबून होता आणि तिला दुसरं काही येत नव्हतं. घरी बसायचा नुसता विचारही तिला नकोसा व्हायचा.

प्रकल्पाच्या चेताविज्ञान प्रयोगशाळेतल्या डॉ. शर्वाणी गोंधळेकरांनी तिला समोर बसवलं. "दिघे मॅडम, किळस म्हणजे मेंदूने वाजवलेली धोक्याची घंटा. आम्ही आवाज बंद केला, पण घंटा वाजवणारा आतच बसलाय. त्याने दुसरी वाट शोधली असावी. किळस जिथे उमटते त्याला लागूनच वेदनेचा भाग असतो. आठ-आठ तास सिमेंटवर उभं राहून तुमची टाच आधीच कुरकुरत होती. त्याला ती सापडली."

"म्हणजे टाचेला काहीच झालेलं नाही?"

"टाचेला नाही. पण दुखतंय ते अगदी खरं दुखतंय. तुमचं नाटक नाही हे."

पाच वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं आणि मृण्मयीचे डोळे भरून आले. तिला त्याचाही राग आला.

"मग काढून टाका तो रोधक."

"काढला तर टाच थांबेल, पण हौदापाशी उभं राहता येणार नाही. नोकरी जाईलच. आधी पुरावा बघू."

पुरावा तीन महिन्यांपासून जमत होता. मृण्मयीच्या बुटांत आणि बाहेरच्या चपलांत पदतलनोंदक बसवले होते. टाचेच्या चेतातंतूंत कळ उठली की ते तिचा आलेख काढायचे. डॉक्टरांनी आलेख भिंतीवर उमटवले आणि त्यांचाच चेहरा पडला. हौदापाशी रेघ जवळजवळ सपाट होती.

"अळ्यांपाशी घंटा वाजतच नाहीये," त्या पुटपुटल्या. "तुम्हाला त्यांची सवय होऊन गेलीय, कधीचीच. मग दुखतं तरी कधी?"

"संध्याकाळी ठणकते. आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना जीव जातो."

आलेखात संध्याकाळी सात ते सकाळी आठ काहीच नव्हतं. त्या कोऱ्या जागेवर कोणीतरी नीटनेटक्या अक्षरात 'विश्रांती' असं लिहिलं होतं.

मृण्मयी त्या शब्दाकडे बघत राहिली. "डॉक्टर, ही विश्रांती नाही. मी घरात चपला घालत नाही."

डॉ. गोंधळेकरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या स्वतः वाईच्या. घरात शिरताना चपला दाराशी काढायच्या, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की चपलेबरोबर नोंदही दाराशीच राहते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चार तज्ज्ञांनी तीन महिने ती कोरी जागा पाहिली होती. चौघेही घरात अनवाणीच वावरणारे.

मग टाचेलाच एक पातळ नोंदपट्टी चिकटवली. आठवड्याने, सोमवारी सकाळी, नवा आलेख भिंतीवर आला.

"रोज साडेसातला हा सुळका कसला?"

"तेव्हा नवरा टाच शेकतो."

"आणि काल, रविवारी, दुपारी सव्वाला? इथे तर रेघ मोजमापाच्या बाहेर गेलीय. घरात काही सडलं होतं का? उंदीर वगैरे?"

मृण्मयीने आठवून पाहिलं. सव्वाला पानं वाढलेली होती. पाहुणे होते, श्रीखंड होतं आणि सौमित्र रंगात येऊन त्याची नेहमीची ती गोष्ट सांगत होता.

सौमित्र सरकारी पाणीतपासणी विभागाचा प्रमुख. सहा वर्षांपूर्वी नाल्याकाठच्या वस्तीत कावीळ पसरून एकवीस माणसं गेली. तिथल्या पाण्याचा नमुना कोणी घेतलाच नव्हता, आणि सौमित्रने मात्र 'पिण्यास योग्य' म्हणून सही ठोकली होती. चौकशीत त्याने सगळं खापर नमुने आणणाऱ्या संदिपान शिपायावर फोडलं. नोकरी गेल्यावर संदिपानने विहीर जवळ केली. सौमित्र ही गोष्ट आपल्या हुशारीचा नमुना म्हणून सांगायचा आणि चौकशीत तो 'तोतरा संदिपान' कसा त-त-प-प करत होता त्याची नक्कल करायचा. पाहुण्यांना हसू आवरत नव्हतं. मृण्मयीने शांतपणे त्याला आणखी एक पुरी वाढली होती.

"जेवत होतो," ती म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी रविवारच्या त्या सुळक्यावर बोट ठेवलं. "मेंदूच्या त्या भागाला नासलेलं मांस आणि नासलेला माणूस यांतला फरक कळत नाही, मॅडम. दोन्हींसाठी तो एकच घंटा वाजवतो."

मृण्मयीला तो पहिला महिना आठवला. चौकशी त्याच महिन्यात चालू होती. ती सुट्टीच्या दिवशी, घरीसुद्धा ओकायची. "अळ्यांमुळेच होतंय," असं सौमित्रच म्हणाला होता, आणि रोधकाचा अर्जही त्यानेच भरला होता.

"मंडळाला मी आजच लिहिते," डॉक्टर म्हणाल्या. "कारण सापडलं. हौदांसाठी तुम्हाला रोधकाची गरजच नाही. नोकरी राहील. पण बंद केला, तर घरी काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"बंद करा," मृण्मयी म्हणाली.

दुपारी ती चोवीस नंबरच्या हौदापाशी गेली. ओल्या पोत्यासारखा वास आला. तिने चमचाभर लगदा गिळला. टाचेवर सगळा भार टाकून उभी राहिली. काही झालं नाही.

संध्याकाळी तिने दाराशी चपला काढल्या आणि आत आली. सौमित्र पाटावर बसला होता. फडक्यात गुंडाळलेली वीट, तेल लावलेलं पान, सगळी जय्यत तयारी.

"आलीस? दे बघू पाय," तो प्रेमाने म्हणाला.

त्याची बोटं टाचेला लागली आणि तिच्या पोटातून जे उसळलं, ते तिला ओठांत अडवता आलं नाही. ती कशीबशी मोरीपर्यंत पोचली. तो धावत मागे आला, तिची पाठ चोळू लागला. "काय खाल्लंस एवढं?"

मृण्मयीने चूळ भरली, तोंड पुसलं आणि त्याचा हात पाठीवरून काढून टाकला.

"संदिपान तोतरा नव्हता," ती म्हणाली. "तो घाबरला होता."